बिनआवाजाचा कॉम्प्युटर

"वहिनी, जरा कान लावा. काही ऐकू येतंय?"

भाऊजींनी नव्या कॉम्प्युटरच्या पाठीवर असा हात ठेवला होता, की तो त्यांनी जोडलेला नसून लहानाचा मोठा केलेला वाटावा. तिने कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.

"बघा! आत तीन पंखे आहेत, तीन! पण श्वास ऐकू यायचा नाही."

कॉम्प्युटर जोडून देणं हा भाऊजींचा धंदाच. वहिनीच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी कुठला प्रोसेसर घ्यायचा आणि मेमरी किती टाकायची, यावर ते दोन महिने जेवतानाही बोलत होते. जुना कॉम्प्युटर बटण दाबलं की आधी खोकायचा, मग घरघरायचा आणि कामाचा भार पडला की उड्डाणाच्या बेतात असल्यासारखा गर्जायचा. जोडलेली तासाभराची फिल्म तयार करून बाहेर काढायला दीड तास घ्यायचा. शनिवारी संध्याकाळी त्याची रवानगी कपाटामागे झाली आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

रविवारी दुपारी एकला ती नव्या कॉम्प्युटरसमोर बसली. शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. त्यांच्यावरची बावीस मिनिटांची फिल्म संध्याकाळी सहाला सभागृहात दाखवायची होती. बाळंतपणानंतरचं तिचं हे पहिलंच बाहेरचं काम. "बाळ लहान आहे, जमेल ना?" असं शाळेने तीनदा विचारलं होतं आणि तिने तिन्ही वेळा "अगदी!" म्हणून ठोकून दिलं होतं. आता शेवटची दहा मिनिटं जुळवायची राहिली होती. भिंगरी एकला झोपते, तीनला उठते. दोन तास म्हणजे चंगळच.

भिंगरी दहा महिन्यांची. सकाळभर घरातलं सगळं खाली ओढून झालं, की कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारच्या पाळण्यात ती हातपाय पसरून अशी झोपायची, की बघत बसावं. त्या दिवशी मात्र पाळण्यात ठेवताच तिने डोळे टक्क उघडले आणि भोंगा पसरला.

"दात येतायत," सासूबाई म्हणाल्या.

"उकडतंय तिला," नवऱ्याने खिडकी उघडली.

"वारा लागतोय," सासूबाईंनी ती बंद केली.

नवऱ्याने तिला खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी अंगाई म्हटली. अंगाईने सासूबाईंनाच जांभई आली. दोन वाजले.

"अगं, तू मांडीवर घेऊनच काम कर ना," नवरा घाम पुसत म्हणाला.

तिने घेतलं. भिंगरीने दोन्ही तळवे कीबोर्डवर आपटले आणि पडद्यावर मुख्याध्यापिका बाई खाली डोकं वर पाय झाल्या. आणखी एक थाप बसली, तशा त्या नऊ झाल्या. नवा कॉम्प्युटर इतका चपळ, की भिंगरीचा प्रत्येक हुकूम निमिषात अमलात आणायचा. जुना असता तर निदान थोडा विचार तरी केला असता.

"फोन करून सांगू का शाळेत, जमत नाही म्हणून?" नवऱ्याने भिंगरीला परत खांद्यावर घेत हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पण तिचा आवाज ओला झाला होता.

अडीचला भाऊजी आले. जुन्यातले सुटे भाग काढून न्यायचे होते. "चालू तरी होतंय का बघतो हे भंगार," असं म्हणत त्यांनी तो बाहेर ओढला आणि बटण दाबलं.

तो खोकला. मग घरघरू लागला.

भिंगरी रडता रडता थांबली. हुंदका अर्ध्यात राहिला. मान बापाच्या खांद्यावर कलली.

"आता हा उघडून..." भाऊजींनी बटणाकडे हात नेला.

"बंद करू नका!" ती कुजबुजली, पण अशी, की भाऊजी जागच्या जागी थिजले.

मग तिला उमगलं. दहा महिने ती दुपारी लेकीचेच व्हिडिओ जुळवत बसायची आणि शेजारी लेक हीच घरघर ऐकत डोळे मिटायची. त्याआधीही पोटात असताना कितीतरी दुपारी ऐकली असेल.

"म्हणजे माझे तीन पंखे..." भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, हळू!"

नवऱ्याने भिंगरीला अलगद पाळण्यात ठेवलं, पण रिकामा बसलेला जुना कॉम्प्युटर हळूहळू शांत होऊ लागला. पाळण्यात एक डोळा किलकिला झाला.

"त्याला काम द्या काहीतरी!" सासूबाई म्हणाल्या. "मोठं द्या!"

त्यात आता एकच गोष्ट उरली होती. भाऊजींच्या लग्नाचं चार तासांचं चित्रीकरण. तीन वर्षं ते एडिटिंगची वाट पाहत पडलं होतं आणि नव्यात घालून घ्यावं असं खुद्द भाऊजींनाही सुचलं नव्हतं. तिने ते सगळं जसंच्या तसं, एकामागून एक लावलं आणि फिल्म बाहेर काढायला सांगितली. शिल्लक वेळ: सहा तास. हा आकडा पाहून तिला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

जुना गर्जला. भिंगरी घोरू लागली. पावणेपाचला तिचं काम संपलं आणि नव्याने चार मिनिटांत फिल्म हातात ठेवली. सभागृहात मुख्याध्यापिका बाईंनी ती पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "छान झालीय. किंचित लांबली. पुढच्या वर्षीचं कामही तुम्हालाच द्यायला सांगून जाते हं."

सोमवारी दुपारी जाऊबाईंचा फोन आला. भाऊजींनी ते चार तास जसेच्या तसे घरी नेले होते.

"ताई, पाणी आलं हो डोळ्यांत! लोक सगळी माणसं कापून टाकतात. तुम्ही एकालाही कापलं नाहीत! माझे काका दहा मिनिटं चप्पल शोधतायत, तेसुद्धा ठेवलंत. कसं सुचतं हो तुम्हाला? तीन वर्षं थांबल्याचं सार्थक झालं!"

तिने पाळण्याकडे पाहिलं. भिंगरी मुठी उघड्या टाकून झोपली होती. शेजारी जुना कॉम्प्युटर तेच लग्न दुसऱ्यांदा बाहेर काढत होता. शिल्लक वेळ: पाच तास दहा मिनिटं.

"अशा कामाला," ती हळू आवाजात म्हणाली, "वेळ द्यावाच लागतो."