दिवा लागतोय, डिस्क दिसत नाही

"माझ्या हातून आजवर एक फाईल हरवलेली नाही!"

चिआयी शहरातल्या आपल्या छापखान्यात काओ मालक हे वाक्य इतक्या नेमानं म्हणत, की लोक त्यावरून जेवायची वेळ ओळखत. देवीच्या देवळाच्या स्मरणिकेचं काम आलं, तेव्हा तर त्यांनी कहरच केला. आठ महिन्यांचं सगळं काम एकाच हार्डडिस्कमध्ये भरलं आणि ती रोज खिशात घालून घरी न्यायला लागले. दुसरी प्रत? छे! "दुसरी प्रत केली की ती समोरच्या छापखान्यात पोचलीच म्हणून समजा!"

आज तीन वाजता देवळाच्या समितीचे अध्यक्ष पेंग शेवटची पानं बघायला येणार होते. पसंत पडली तर काम पक्कं. नाहीतर समोरचा छापखाना आ वासून बसलाच होता.

एक वाजता मालकांनी ऐटीत खिशातून काळी डबी काढली आणि वायर खुपसली. डबीवर निळा दिवा लागला. कॉम्प्युटरवर मात्र शुकशुकाट!

"याओ ताई, कॉम्प्युटर आंधळा झालाय!"

याओ ताई बावीस वर्षं तिथं अक्षरजुळणी करत होत्या. मालकांना घाबरायचं त्यांनी पहिल्याच वर्षी सोडलं होतं.

"मालक, आधी ती डिस्क तर नीट बघा."

"काय बघायचंय? दिवा लागतोय! दिवा लागतोय म्हणजे जीव आहे!"

मालकांनी वायर दुसऱ्या भोकात घातली, तिसऱ्यात घातली. वायर बदलली. कॉम्प्युटर चारदा बंद-चालू केला. डबीवर फुंकर मारली, शर्टाला घासली. काही नाही! घाम पुसायला मान वर केली, आणि किंचाळलेच.

"यंत्रावर पिवळा पुडा कुणी ठेवला?"

आता यंत्रावर खाऊचा पुडा ठेवायचा तो हिरवाच, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं. त्या खाऊचं नावच मुळी 'गुणी बाळ'. हिरवा ठेवला की यंत्र गुणी बाळासारखं चालतं. पिवळा ठेवलात तर भोगा!

"मी ठेवला," याओ ताई म्हणाल्या. "माझा खाऊ आहे तो, चहाबरोबरचा. यंत्राचा त्याच्या मागं आहे."

मागचा हिरवा पुडा निघाला, पण त्याची मुदत गेल्या वर्षीच संपलेली!

"शिळा नैवेद्य! मग यंत्र रुसेल नाहीतर काय करेल? बावीस वर्षं पगार खाता, एक पुडा बघता येत नाही?"

"पुडा बघते की. पण डिस्क तुमच्या खिशात असते, तिथं कसं बघू?"

मालक स्कूटरवरून सुसाट सुटले. पाच दुकानं पालथी घालून अकरा हिरवे पुडे घेऊन आले. प्रत्येकाची तारीख दोनदा वाचली, कॉम्प्युटरभोवती आरास मांडली आणि कमरेत वाकून डबीची माफी मागितली. तिसऱ्यांदा वाकले असताना दारात अध्यक्ष उभे!

"काओ, कुणाचं श्राद्ध आहे का रे?"

"साहेब," मालकांनी हातच जोडले, "डिस्क गेली! आठ महिने गेले! चार दिवस द्या, पाया पडतो."

अध्यक्षांनी डबी उचलली, उलटी केली आणि चष्मा टकलावर चढवला.

"अरे, ही तर आमचीच! गेल्या उत्सवात आठशे वाटल्या. ही मोबाईल चार्ज करायची बॅटरी आहे, गाढवा! खाली देवळाचं नाव छापलंय, वाच."

याओ ताईंनी भिंतीकडे तोंड केलं. खांदे तेवढे गदगदत होते.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. गडबडीत अंगठा नेमका स्पीकरवर पडला, आणि बायकोचा आवाज छापखानाभर घुमला.

"अहो, सकाळी टेबलावरची ती देवळाची बॅटरी मी नेली होती. तासभर लावली, मोबाईल ढिम्म! तशीच गेले देवळाच्या कचेरीत आणि आपटली टेबलावर. म्हटलं, देवीच्या नावानं भंगार वाटता, लाज नाही वाटत? तिथल्या टकल्या म्हाताऱ्यानं मुकाट्यानं नवी काढून दिली!"

मालकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. टकल्या म्हाताऱ्यानं शांतपणे आपल्या पिशवीत हात घातला आणि तशीच काळी डबी काढली.

"बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानदाराच्या तोंडावर मारायला निघालो होतो. ही तुझी डिस्क दिसते."

याओ ताईंनी ती लावली. पडद्यावर स्मरणिका उघडली. अध्यक्षांनी पानन्‌पान बघितलं, दोन चुका काढल्या आणि उठले.

"काम तुझंच, काओ." मालकांच्या जिवात जीव आला. "पण छापायच्या आधी शेवटची तपासणी तुझ्या घरच्या बाईंकडून करून घे. वस्तू चालत नाही हे त्यांना तासाभरात कळलं. आणि पूजा न घालता!"