मी बेअरिंग बदलली

माणसानं आयुष्यात निदान एक तरी मोठं काम स्वतःच्या हातानं करावं, असं माझं मत आहे. (हे मत मी घरी बोलून दाखवत नाही. दाखवलं असतं तर प्रेमिलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझे हात आधीच बांधून ठेवले असते.)

माझी गाडी माझ्या मुलीपेक्षा, डिंपलपेक्षा, वयानं मोठी आहे. दोघींपैकी धाकटीचं लग्न ठरवायचं होतं आणि थोरलीचं मागचं चाक घरघर करत होतं. साधीसुधी घरघर नव्हे. गाडीनं जरा वेग घेतला की मागच्या सीटवर पिठाची गिरणी सुरू व्हायची आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं. बेअरिंग गेली, हे मी ओळखलं होतं. आवाजावरून रोग ओळखणं मला जमतं. हायस्कुलात हेडक्लार्क आहे मी. दारातल्या चपलांच्या आवाजावरून कोण रजा मागायला आलंय ते सांगतो.

एरवी ती घरघर मी आणखी दोन वर्षं ऐकली असती. पण आमच्या आरमोरीच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, चंद्रपूरहून पोचूभाऊ, त्यांच्या पत्नी रुखमाबाई आणि मुलगा प्रफुल येणार होते. आमच्या भागात पोरगी पाहायला येतो असं कोणी तोंडानं म्हणत नाही. मंडई पाहायला येतो म्हणतात. जमलं तर सोयरीक, नाही जमलं तर मंडई तरी पाहून झाली. कोणाचंच नाक कापलं जात नाही. प्रफुल बँकेत होता, माणसं चांगली होती आणि डिंपलनं फोटो पाहून पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं नव्हतं. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून प्रेमिला आठवडाभर धड जेवली नव्हती. मी जेवत होतो, पण काळजी मलाही होती.

त्या काळजीच्या भरात मी पोचूभाऊंना फोनवर सांगून बसलो, की संध्याकाळच्या गाडीसाठी वडशाच्या स्टेशनवर तुम्हाला मी स्वतः सोडीन.

“त्या घरघरीत बसवाल तं पोचूभाऊ वडशाच्या आधीच उतरून जातीन,” प्रेमिला म्हणाली. “अजीमकडे टाका गाडी.”

अजीम आमचा मिस्त्री. पण थंडीच्या दिवसांत आमच्याकडे मिस्त्री हा मिस्त्री राहत नाही. झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की अर्धा गाव रंग फासून वडशाच्या नाटक कंपन्यांबरोबर हिंडतो, आणि अजीम तर तीन हंगामांपासून खलनायक. मंडईच्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो तर त्याची बायको तहसीन दारातच उभी.

“आत्ताच झोपले, भाऊ,” ती म्हणाली. “काल पब्लिकनं वन्स मोअर देल्लं. दोनदा मेले. आता उठत नाई.”

दोनदा मेलेल्या माणसाला उठवणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी तिथूनच बाजारात गेलो, दोन नव्या बेअरिंगा घेतल्या आणि घरी आलो. आपणच बदलू. त्यात काय आहे?

कोणत्या बाजूची बेअरिंग गेली हे मी आदल्या दिवशीच शास्त्रीय पद्धतीनं ठरवलं होतं. ज्या बाजूला वजन पडतं त्या बाजूचा आवाज वाढतो. म्हणून प्रेमिलाला मागे बसवून ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर गाडी काढली. आधी तिला उजवीकडे बसवलं, मग डावीकडे. डावीकडे आवाज वाढला. मी खूश होऊन म्हणालो, की असं भक्कम वजन घरातच असल्यावर गॅरेजची गरजच काय. त्यानंतर घर येईपर्यंत गाडीत घरघरीशिवाय काहीही ऐकू आलं नाही.

असो. मी अंगणात डावं चाक काढलं. चाकाच्या आत ड्रम नावाचं एक लोखंडी भांडं असतं आणि त्याच्या पोटात बेअरिंगा घट्ट ठोकून बसवलेल्या असतात. जुन्या बाहेर काढायला मी खलबत्त्यातला बत्ता वापरला. (खल स्वयंपाकघरात होता, त्यामुळे बत्ता गेल्याचं लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही.) जुन्या निघाल्या तेव्हा मला जो आनंद झाला तो प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

नव्या बसवण्यासाठी माझ्याकडे युक्ती होती. लोखंड तापलं की फुगतं आणि गार झालं की आकसतं. हे मला पक्कं माहीत आहे, कारण हायस्कुलात विज्ञानाचा तास माझ्या भिंतीपलीकडेच भरतो. म्हणून मी ड्रम अंगणातल्या चुलीवर तापत ठेवला आणि बेअरिंगा फ्रीजरमध्ये टाकल्या. उघड्या नाही. एकदा मी गाडीचा कार्बोरेटर हिच्या इडलीपात्रात उकळला होता, तेव्हापासून गाडीचा कोणताही अवयव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत आणायचा नाही असा हुकूम आहे. म्हणून डिंपलच्या जुन्या ओढणीचे दोन तुकडे केले, एकेक बेअरिंग त्यात नीट गुंडाळली आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या मरळ माशाच्या मागे दडवली. ड्रम लाल व्हायच्या आत गरम बाहेर काढायचा, गार बेअरिंग आत सोडायची, बस्स. पाहुणे यायला भरपूर वेळ होता.

पाहुणे त्याच वेळी आले. त्यांना ओळखीच्या कोणाची तरी पिकअप मिळाली होती आणि मागच्या हौद्यात बसून ते थेट दारात उतरले. मी गाडीखाली होतो. मला फक्त सहा पाय दिसले. त्यांतले दोन पाय, नव्या पातळातले, फार कष्टानं टाकले जात होते. मी गाडीखालूनच नमस्कार केला.

त्यांना आत नेलं. पाणी झालं, चहा झाला. मी ड्रमकडे पाहिलं. तो असा तापला होता की आता थांबणं म्हणजे पाप. चिमट्यानं उचलून विटांवर ठेवला, हात पुसले आणि मागच्या दारानं फ्रीज गाठला. फ्रीजरमध्ये मरळ होती. मरळीच्या मागे काहीच नव्हतं.

प्रेमिला भजी तळत होती. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, की इथं ओढणीत गुंडाळलेलं काही होतं का.

“ते डिंपलनं बांधून ठेवलेलं बर्फ?” ती म्हणाली. “रुखमाबाईचे गुडघे पिकअपमंधी आखडून गेले. त्यायले शेकाले देल्लं. दोन होते, दोनी देले.”

बेअरिंगा दोन, गुडघे दोन. हिशेब बरोबर होता, म्हणून तर तो सोडवता येईना. बाहेर ड्रम विटांवर गार होत चालला होता आणि माझ्या बेअरिंगा बैठकीत होणाऱ्या विहिणीच्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. सत्य सांगितलं तर स्थळ जाणार, नाही सांगितलं तर गाडी तीन चाकांवर राहणार आणि पाहुणे स्टेशनवर चालत जाणार. प्रेमिलाला सांगायची तर मला हिंमतच झाली नाही; तिच्या हातात झारा होता.

मी काळ्या हातांनीच बैठकीत गेलो. पोचूभाऊ दिवाणावर, प्रफुल खुर्चीवर, डिंपल दाराशी. रुखमाबाई गादीवर पाय पसरून बसल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांवर ओढणीच्या फुलाफुलांच्या गाठोड्या आणि चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखं समाधान.

मी म्हणालो, बाई, गार जास्त वेळ ठेवू नये, वात वाढतो.

“नाई भाऊ,” त्या म्हणाल्या. “असं बर्फ मी पाह्यलंच नाई. विरघळत नाई, पाणी सांडत नाई. गुडघ्यावर कसं बसून राह्यते.”

बसणारच. बसण्यासाठीच बनवलेली वस्तू. मी म्हणालो, आम्ही इकडे गरम शेकच चांगला मानतो, मी विटकर तापवून आणतो. त्यावर पोचूभाऊंनी गरम आणि गार यांवर बोलायला सुरुवात केली. ते वीज केंद्रातून निवृत्त झालेले, उष्णतेवर त्यांचा अधिकार. त्यांच्या मते गारच योग्य. मी गरमची बाजू जोरात लावून धरली. इतका जोर मी सातव्या वेतन आयोगाच्या वेळीही लावला नव्हता. प्रेमिला भज्यांची ताटली घेऊन आली आणि हा माणूस पाहुण्याबाईचा आराम काढून घ्यायला का टपलाय, अशा नजरेनं माझ्याकडे पाहत राहिली. माझं लक्ष खिडकीतून ड्रमकडे होतं. त्याच्यावर आता कोंबडी बसली होती. मी हात पुढे करून म्हणालो, द्या इकडे, मी जरा दुसरा बर्फ आणतो. रुखमाबाईंनी दोन्ही गाठोड्या घट्ट धरल्या.

तेव्हा डिंपल पुढे आली. ती माझ्या काळ्या हातांकडे, गुडघ्यांवरच्या आपल्या ओढणीकडे आणि खिडकीबाहेरच्या उघड्या चाकाकडे आळीपाळीनं पाहत होती. पोरगी हुशार आहे. (आईवर गेली.)

“काकू,” ती म्हणाली, “ते बर्फ नोहे. गाडीच्या बेअरिंगा हायेत. बाबाले पाह्यजेत, पन सांगाले भेऊन राह्यले.”

रुखमाबाईंनी सावकाश एक गाठोडी सोडली. आतून चकचकीत बेअरिंग निघाली आणि मागोमाग नव्या पातळावर उमटलेला ग्रीसचा गोल डाग. मग दुसरी गाठोडी, दुसरा डाग. प्रेमिलानं ताटली खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. तिला रडू येत होतं हे मला कळलं आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला गाडीचीच काय, माझीही लाज वाटली. आठवडाभराचा तिचा उपास मी दोन बेअरिंगांत घालवला होता.

पहिल्यांदा प्रफुल हसला. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. मग डिंपल हसली. ती दोघं एकमेकांकडे पाहून हसत होती आणि आम्ही चौघं मोठी माणसं दुसरीकडे पाहत होतो. रुखमाबाईंनी बेअरिंगा पदरानं पुसून माझ्या हातात दिल्या.

बेअरिंगा गुडघ्यांवर कोमट झालेल्या, ड्रम कोंबडीखाली थंडावलेला. विज्ञानाचा आधार संपला, तेव्हा मी पुन्हा बत्ता घेतला. पण काम मी पुरं केलं, हे नमूद करतो. बेअरिंगा बसल्या, ड्रम बसला, चाक बसलं. जेवणं होईपर्यंत गाडी चारी चाकांवर उभी होती. जेवणात कोणी मंडईचं नाव काढलं नाही, की पोरीचं. ‘घरी जाऊन कळवतो’ एवढंही पोचूभाऊ म्हणाले नाहीत. प्रेमिलानं रुखमाबाईंना स्वतःचं कोरं पातळ नेसवलं आणि त्यांना सोडायला तीही गाडीत बसली.

पोचूभाऊ माझ्या शेजारी, बाकी तिघं मागे. गाव संपला, मी वेग वाढवला आणि मागे पिठाची गिरणी सुरू झाली. तीच. तेवढीच. रोग उजवीकडे होता. (वजनाच्या शास्त्रात माझी काही तरी चूक झाली असावी, पण ते प्रयोग पुन्हा करायला घरातलं वजन तयार नाही.) वडसा येईपर्यंत कोणालाच कोणाशी बोलता आलं नाही. त्या दिवशी ते एका परीनं बरंच झालं.

प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली होती. रुखमाबाई आणि प्रफुल चढले. पोचूभाऊ मात्र दाराशी थांबले आणि त्यांनी घसा खाकरला.

“दादाजीभाऊ, पोरगी पसंत हाये,” ते म्हणाले. “एवढ्या लोकायच्या देखत खरं बोलली. आमाले सोनं नको, भांडे नको, फर्निचर नको. एकच अट हाये.”

प्रेमिलानं माझी बाही पकडली.

“लग्नाच्या दिवशी पोरीले आमच्या घरी पोचवाची गाडी आमी पाठवू. तुमी त्या गाडीले हात लावाचा नाई.”

मी स्वाभिमानी माणूस आहे. अशा अटीवर विचार करून उत्तर द्यावं, निदान मुलीच्या बापाचं मत घ्यावं, असं मी म्हणणार होतो.

“मंजूर,” प्रेमिला म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती कोणत्याही गोष्टीला इतक्या लवकर कबूल झालेली मी पाहिली नव्हती.

गाडी सुटली. प्रेमिलानं डोळे पुसले, हसली, माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. मी म्हणालो, चल घरी, पेढे घेऊन जाऊ. ती म्हणाली, पेढे तुम्ही घ्या, आणि स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या आरमोरीच्या ऑटोत जाऊन बसली.