वळवलेला फोन

लिफ्टदुरुस्ती कंपनीत तक्रारींच्या टेबलावर नवा फोन आला, तसा तिथल्या कारकुनाचा चेहराच पडला. जुना फोन वाजला की उचलायचा, एवढंच त्याला ठाऊक. या नव्याला पडदा होता, दिवे होते आणि नको तितकी बटणं होती.

"हे फोन इंटरनेटवर चालतात, काका," फोन बसवायला आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली. "सगळा कारभार आतल्या खोलीतल्या सर्व्हरकडे. तुम्ही जागेवर नसलात की कॉल दुसरीकडे वळवायचा. टाका बघू एखादा नंबर."

त्याला पाठ असलेला नंबर एकच, घरचा. तो त्यानं टाकला. मुलीनं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. तेवढ्यात तिला वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. "बंद करायला परत तेच बटण हं," म्हणून ती गेली. त्यानं बटण दाबलं, दिवा विझला.

आणि मग फोन वाजेचना! अकरा वाजले, बारा वाजले, तरी चिडीचूप. एरवी दुपारपर्यंत त्याचा कान लाल व्हायचा. सगळ्या लिफ्टना आज एकदम सुबुद्धी झाली असावी, असं समजून त्यानं निवांत चहा घेतला, नखं कापली, खणातला कचरा काढला.

तीन वाजता मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे डोळे विस्फारलेले.

"दातांच्या डॉक्टरांना लिफ्टमध्ये एकोणतीसचा पाढा म्हणायला कुणी लावला?"

"काय लावलं, सर?"

"पाढा! दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते बिचारे. घाबरून इथं फोन केला, तर कुणी बाई म्हणाल्या, खाली बसा, पाढा म्हणा, चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्टला दार उघडलं म्हणे. आभार मानत होते! आणि आपले मेकॅनिक? आज एकही उशिरा पोचला नाही. एकानं तर जेवायला जाऊ का, असं त्या बाईंना विचारलं. कोण आहेत या बाई?"

इंजिनिअर मुलीला खाली कारकुनाच्या टेबलापाशी बोलावलं. तिनं पडद्याकडे पाहून कपाळावर हात मारला. "दिवाच तेवढा विझलाय, काका. सर्व्हरवर अजून चालूच आहे. सकाळपासून तुमचे सगळे कॉल घरी जातायत."

कारकुनाला दरदरून घाम फुटला. घरी आई होती. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली. लोक तक्रारी सांगायला कंपनीच्या याच नंबरवर फोन करत, आणि पुढं कुठं जायचं हे विचारायला मेकॅनिकही याच नंबरवर. म्हणजे आईनं दिवसभर अख्खी कंपनी हाकली होती!

मॅनेजरांनी आपल्या मोबाइलवरून कंपनीचा तोच नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"तक्रार असेल तर आधी पत्ता सांगा. हळू, मी लिहून घेतेय," आईचा खणखणीत आवाज आला.

"नमस्कार, मी इथला मॅनेजर बोलतोय."

"बरं झालं भेटलात! अहो, तुमच्याकडे फोनवर कोण माणूस बसवलाय? सकाळपासून सात जणांनी सांगितलं, एक तर तो फोन उचलत नाही, आणि उचलला की 'मेकॅनिक निघालाय' म्हणून थाप मारतो. असल्या माणसाला एक दिवस ठेवू नका."

कारकून भिंतीकडे बघत उभा राहिला. भिंतीवर काही नव्हतं.

"पण बाई, तुम्ही एवढा त्रास का घेतलात?" मॅनेजरांनी विचारलं.

"घेणार नाही तर काय? माझा मुलगा तुमच्याकडे मोठा साहेब आहे. त्याच्या कंपनीची अब्रू जाताना नुसती बघत बसू? कामात असेल बिचारा. त्याला एवढा निरोप द्या, आज स्वयंपाक झालेला नाही, येताना काहीतरी घेऊन ये म्हणावं."

इंजिनिअर मुलगी उगाचच वायर गुंडाळू लागली. मॅनेजरांनी कारकुनाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"देतो," ते फोनमध्ये म्हणाले. "साहेब इथंच उभे आहेत."