पारूबाईंचा आळस

पोशेऱ्यात पारूबाईंना कष्टाळू म्हणायची चूक माणूस एकदाच करतो. बदली होऊन आलो त्याच आठवड्यात मी ती केली. डोक्यावर एकावर एक दोन हंडे आणि काखेत पळालेली कोंबडी घेऊन त्या चढ चढत होत्या. मी कौतुकाने म्हणालो, "आजी, फार कष्टाळू बुवा तुम्ही."

मी शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तसां नको बोलू, गुरुजी. मी आळशी बाई हाय."

माझी खोली त्यांच्या पडवीला लागूनच आहे, त्यामुळे हा आळस मी रोज पाहतो. पाणी, सरपण, उतारावरची नागली निंदणं, सगळं त्याच करतात. फक्त कोणी बघतंय असं वाटलं की विळा खाली ठेवून जांभई देतात. ती इतकी खोटी असते की त्यांचा कुत्राही फसत नाही.

यंदा त्यांच्या नातीला, सुनीताला, खोडाळ्याचं स्थळ आलं. तिचा जव्हारला नर्सिंगला नंबर लागला होता. पण बापाला स्थळ पसंत पडलं, आणि पारूबाईंचा हा मुलगा आईचं कधी ऐकत नाही. पाहुणे आले. मुलाच्या आईने एवढंच विचारलं, "पोर कष्टाळू हाय ना?"

"कुठली," चहा देत पारूबाई म्हणाल्या. "माझ्यावर गेलीय. उन्हां डोक्यावर येतात तवा उठते. निंदायला पाठवली त बांधावर निजते."

आत सुनीताचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला. पाहुण्यांनी साक्षीला माझ्याकडे पाहिलं. खरं बोलणारा म्हणून गावात माझं बरं नाव आहे. मी म्हणालो, "माझ्याकडे अभ्यासाला यायची, तेव्हाही पेंगायचीच."

स्थळ परत गेलं. बाप दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी, आता हिला स्थळ कुठलं येणार, असं म्हणत रागारागाने त्यानेच पोरीला जव्हारच्या एसटीत बसवलं.

"पोरीचं नाव घालवलंत, आजी," मी म्हणालो.

"माला बघाय आले तवा माझा बाबास हौसेनं बोलला, पोर लय कष्टाळू. त्यांनी तेवढांच ऐकलां. सासरी गेले त्याच्या दुसऱ्या दिशी चिखलात भाताच्या आवणीला उभी केली. माला दुपारचं निजाय लय आवडायचं, गुरुजी. त्या दिसापासून एक दुपार निजले नाय."



दिवाळीच्या सुट्टीत सुनीता आली. भातकापणी चालू होती. भरदुपारी तिने आजीच्या हातातून विळा काढून घेतला, पडवीत घोंगडी अंथरली आणि तिला आडवी केली. आजी कुरकुरली आणि मग चक्क घोरू लागली.

तेवढ्यात शेजारीण हाका मारत आली. "पारू हाय का गं?"

विळा हातात घेऊन शेताकडे निघालेली सुनीता हळू आवाजात म्हणाली, "निजलीय. आळशी हाय ना माझी आजी."