धर्माजीची पलटण

"आपन नुसती नजर टाकली की भिंतबी कबुली देती," असं कुंडलिकराव स्वतःबद्दल सांगत. साखर कारखान्याच्या गेटवरून निवृत्त झाल्यावर लोणीतल्या घरावर त्यांनी 'गुप्तहेर' अशी ठळक पाटी लावली होती. पाटी लावून गुप्त राहणारा तालुक्यातला हा पहिलाच माणूस. त्यांना मोटारसायकलवर फिरवायचं काम मेहुणा बहिरूकडं. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. आजवर दाजींना अचूक ठाव लागलेला बहिरूनं पाहिला, तो फक्त जेवणावळींचा.

आजही पितरांची अमावास्या होती आणि बोलावणं बोरी बुद्रुकच्या झुंबरबाईंचं. म्हातारीचे वडील धर्माजी इंग्रजांच्या पलटणीतून इटलीच्या लढाईला गेले, ते तिकडंच राहिले. तेव्हा झुंबरबाई पोटात होत्या. पुढं सोबतच्या शिपायानं एक फोटो आणून दिला. बर्फानं पांढरं पडलेलं रान, जळकी झाडं, तोफेचा मोडका गाडा आणि बारीक काळे ठिपके. "यात धर्माजी हाय," एवढंच सांगून तो गेला.

"दर वर्साला मी मधल्या ठिपक्याला गंध लावती," झुंबरबाई म्हणाल्या. "पर त्यो दुसऱ्याच कुनाचा बाप असंल तर? माजा बा तिकडं बर्फात उपाशी! पान वाढायच्या आत तेवढं वळखून द्या, भाऊ."

सुनेनं, मोहिनीनं, काचेत मढवलेला फोटो पहिल्यांदाच भिंतीवरून उतरवला. कुंडलिकरावांनी भिंग काढलं.

"ह्यो सगळ्यात म्होरला. आपल्या भागातला मानूस कायम म्होरं असतो."

"दाजी, परवा बिबट्या दिसला तवा तुमी पयले घरात शिरला."

"मंग? म्होरंच व्हतो की!"

"पर आई सांगायची, बा लई भित्रा व्हता," झुंबरबाई म्हणाल्या.

"तर मंग ह्यो मागचा. झाडाखाली भाकरी सोडून बसलाय बगा."

"आन् हे वर आभाळात कोन?" बहिरूनं विचारलं.

कुंडलिकराव क्षणभरही अडले नाहीत. "छत्रीवाली फौज. इमानातनं उतरती."

"छत्र्या कुटं हायत?"

"बर्फ पांढरा, छत्र्या पांढऱ्या. दिसतील कशा? अक्कल लागती, बहिरू!"

एवढं बोलताना त्यांनी हात असा फिरवला की चहाचा भरला कप फोटोवर लवंडला. मोहिनी ओलं फडकं घेऊन धावली. तिनं एकदा पुसलं, पुढची तुकडी गेली. दुसऱ्यांदा पुसलं, भाकरीवाला गेला. मग आभाळ स्वच्छ झालं.

"अगं, फौज पुसली!" कुंडलिकराव ओरडले.

"फौज कसली, मामा? माश्यांची घान हाय काचंवर. गोठा लागून न्हाई का?"

झुंबरबाईंनी हातातली गंधाची वाटी खाली ठेवली. "म्हंजी इतकी वर्सं मी माशीला गंध लावलं?"

बहिरूला आलेलं हसू म्हातारीच्या तोंडाकडं बघून घशातच राहिलं. मोहिनी फडकं पिळून पुन्हा घासत होती. तोफेच्या गाड्यापाशी एक ठिपका उरला. घासला, नखानं खरवडला; हलेना.

"आत्या, ह्यो निघत न्हाई. ह्यो काचंच्या आत हाय."

बहिरूनं दाजींच्या हातातलं भिंग काढून घेतलं. अंगात जाड कोट, खांद्याला बंदूक, थंडीनं आखडलेला एक माणूस गाड्याला टेकून उभा होता. बहिरूनं भिंग झुंबरबाईंच्या हातात दिलं. म्हातारीनं भिंगाला डोळा लावला.

कुंडलिकरावांनी घसा खाकरला. "आता ह्यो धर्माजीच कशावरनं, त्याचा तपास करावा लागंल."

"दुसरं कोन हाय का तिथं?" झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गंधात बोट बुडवलं.