एकवीस चालू गाड्या

एका जंगलात एक लढाई होणार होती. ती बरीच वर्षं होणार होती. नाल्याच्या अलीकडे सिंहमहाराजांचं राज्य, पलीकडे वाघमहाराजांचं. भांडण कशावरून होतं ते दोघेही विसरले होते. पण मुलांनो, तेवढ्यावरून कुणी भांडण मिटवत नाही.

नाल्याकडे जाणाऱ्या उतारावर सिंहमहाराजांच्या एकवीस चिलखती गाड्या उभ्या होत्या. त्या दुरुस्त करायचं काम साळूबाई नावाच्या साळिंदराकडे होतं. ती अंगावरचाच काटा उपसायची, नळी साफ करायची आणि काटा परत खोचायची. हत्यारांसाठी भांडारात जावं लागत नसे. ते बरंच होतं, कारण भांडारात काही नव्हतंच.

सात नंबरची गाडी साळूबाईचा नवरा काटोबा चालवायचा. त्या गाडीला ब्रेक नव्हता. म्हणून साळूबाईने पुढच्या चाकाखाली एक भला मोठा दगड लावून ठेवला होता. रोज सकाळी ती आधी दगड जागेवर आहे का बघायची, मग नवऱ्याला चहा द्यायची.

दर सोमवारी मुंगूसराव कारकून पत्रक घेऊन येत. पत्रकात प्रत्येक गाडीपुढे एक रकाना होता, 'स्थिती'. रुंदी बोटभर.

"एक नंबर?" मुंगूसरावांनी विचारलं.

"इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतंय. काम चालू आहे."

"एवढं मावणार नाही, बाई. एका शब्दात सांगा."

"एका शब्दात कसं सांगू? काम चालू आहे म्हणजे चालू आहे!"

मुंगूसरावांनी लिहिलं, 'चालू'.

दोन नंबरचंही काम चालू होतं, तीनचंही. सातवर आल्यावर साळूबाई म्हणाली, "हिला ब्रेकचं तेल पाहिजे हो. दोन महिने मागतेय. काम अर्धवट चालू आहे."

"'अर्धवट' मावत नाही," मुंगूसराव म्हणाले.

तर असं एकवीस वेळा 'चालू' लिहिलं गेलं. मुंगूसराव काही खोटारडे नव्हते. त्यांचं अक्षर तर फार सुंदर होतं.

पत्रक तीन कोस मागे, एका थंडगार गुहेत गेलं. तिथे सेनापती गवा लढाईचं काम बघत. त्यांनी पत्रक वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"महाराज, एकवीसच्या एकवीस गाड्या चालू!"

"मग आपण थांबलोय कशाला?" महाराज म्हणाले. "परवा दसरा. यंदा सीमोल्लंघन खरोखरचं करू."

त्याच दिवशी भांडारातून साळूबाईला पत्र आलं. 'आपल्या सर्व गाड्या चालू असल्याचे दिसते. सबब ब्रेकचे तेल मंजूर करता येत नाही.'

पत्र घेऊन ती तडक सेनापतींकडे गेली.

"साहेब, चालू म्हणजे काम चालू. गाड्या बंद आहेत."

"चालू आहे की बंद आहे? एक काय ते सांगा."

"काम चालू आहे, म्हणूनच गाडी बंद आहे!"

"लेखी काय आहे?"

"चालू."

"मग झालं तर!" सेनापती म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या. कुंकू लावलं. प्रत्येक गाडीच्या चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं. सात नंबरपाशी येऊन सेनापती थबकले.

"शुभ दिवशी चाकाखाली दगड? काढा तो. लिंबू ठेवा."

"साहेब, पाया पडते," साळूबाई म्हणाली. "लिंबू ठेवा, पण दगडही राहू द्या. माझा नवरा आत बसलाय."

काटोबाने खिडकीतून डोकं काढलं. "अगं, साहेबांच्या तोंडी कशाला लागतेस? काही होत नाही."

दोन रानरेडे आले आणि त्यांनी दगड ओढून काढला.

महाराजांनी पंजा वर केला. एकवीस किल्ल्या फिरल्या. वीस गाड्या खोकल्या आणि गप्प बसल्या. वीस लिंबं शाबूत राहिली. सात नंबर खोकलीसुद्धा नाही. काटोबाने गिअर काढला, तशी ती लिंबू चिरडून सरळ उताराला लागली.

"अहो, उडी मारा!" साळूबाई ओरडली.

"दार उघडत नाही गं!"

दाराचं कामही चालू होतं.

साळूबाई गाडीमागे रडत धावली, सेनापतींना आणि मुंगूसरावांना शिव्या देत. त्या शिव्या मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लगेच पाठ कराल.

गाडीने नाला ओलांडला, पलीकडचा काठ चढला आणि ती करवंदाच्या जाळीत रुतून बसली. समोर वाघमहाराजांची अख्खी फौज! त्यांच्याही गाड्यांना झेंडूच्या माळा होत्या. प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू, सगळी शाबूत.

एक खवल्या मांजर हातातलं तेलकट फडकं झटकत पुढे आलं. ते तिकडचे मिस्त्री. त्यांनी आणि साळूबाईने मिळून दार उचकटलं. काटोबा बाहेर आला. साळूबाईने त्याला घट्ट मिठी मारली. साळिंदरांची मिठी होती, म्हणून दोघंही ओरडली.

"तुमच्या गाड्या पुढे का नाही आल्या?" मग साळूबाईने विचारलं.

"आमच्याही सगळ्या चालूच आहेत, ताई," मिस्त्री म्हणाले. त्यांनी जवळच्या आपट्याची चार पानं तोडली. "दसरा आहे, सोनं घ्या. आणि ही ब्रेकच्या तेलाची बाटलीही घ्या. आमच्याकडे तेल रग्गड आहे, इंजिनं नाहीत."

मग सगळ्यांनीच एकमेकांना सोनं दिलं. लढाईचं राहूनच गेलं. एक गाडी नाल्यापलीकडे गेली म्हणून सिंहमहाराजांनी विजय जाहीर केला. एक गाडी पकडली म्हणून वाघमहाराजांनीही केला, आणि विजयाच्या आनंदात ती परत देऊन टाकली. मुंगूसरावांना सुवाच्य अक्षराबद्दल पदक मिळालं.

आठवड्याने साळूबाईला पत्र आलं. 'गाडी क्रमांक सातचे ब्रेक आपण दुरुस्त केल्याचे समजते. पत्रकानुसार सदर गाडी चालू होती. चालू गाडी का दुरुस्त केली, याचा खुलासा सोबतच्या रकान्यात करावा.'

रकाना बोटभरच होता. साळूबाईने लिहिलं, 'नवरा'.

बरोब्बर मावलं.

तात्पर्य : मुलांनो, मोठे होऊन साहेब झालात, तर पत्रकातला रकाना कधीही रुंद करू नका. त्यात खरी माहिती मावली, तर गाड्या दुरुस्त होतील, आणि मग लढाई करावी लागेल.