थंडी आमच्याकडे जेवायला होती

आमच्या पिंपळखोऱ्यात थंडी वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जेवायला येते, आणि यंदा ती आमच्याकडे आली. गाव गोदाकाठचं, द्राक्षांचं. पाहुणी पोटभर जेवली तर ताटावरून उठून तडक पुढच्या गावाला जाते. अर्धपोटी उठली तर बागांमध्ये मुक्काम करते, घडांवर फुंकर मारत हिंडते, आणि सकाळी सगळे मणी तडकलेले असतात. जेवणाचं घर ग्रामसभा ठरवते. आमचं घर एकमताने ठरलं, हे मी मुद्दाम सांगते. एक हात विरोधात वर झाला होता, पण त्या माणसाला काख खाजवायची होती.

गेल्या वर्षी जेवण निकमांकडे होतं. त्यांच्या सुनेने कोंबडीचा झणझणीत रस्सा केला होता. थंडी चार घास खाऊन उठली आणि गावाच्या बागा गेल्या. तेव्हापासून त्या पोरीला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. माझ्या डोक्यावर काय होतं, ते एवढ्यावरून समजून घ्या.

सकाळीच सरपंच बाळनाथ आहेर आणि ग्रामसेवक भाऊसाहेब आमच्या चुलीची पाहणी करायला आले. मी पाट्यावर कांदाखोबऱ्याचं वाटण वाटत होते. शेजारी टोपलीत धुतलेले बटाटे होते.

"हे कशाला?" सरपंचांनी विचारलं.

"रश्श्यात टाकायला."

सरपंच उंबऱ्यावरच बसले. "मंदावहिनी, पाहुणे वाढले आन् कोंबडी पुरंना झाली, का मग बटाटा टाकत्यात. गावाच्या अब्रूचा प्रश्न हाये. अजून दोन कोंबड्या धाडतो, पण बटाटा नको."

"बटाट्याबाबत वरून काही सूचना आलेल्या नाहीत," भाऊसाहेब म्हणाले.

"आल्या तरी मी टाकणार," मी म्हणाले.

माझ्या माहेरी गारठा पडला की कोंबडीत बटाटा पडतोच, आणि तोही अख्खा, सालासकट. चिरलेला बटाटा रश्श्यात विरून जातो, अख्खा मात्र मसाला पिऊन गुमान बसून राहतो. कमी पडतं म्हणून नाही, आवडतं म्हणून आम्ही टाकतो. हे सगळं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या आणि जाताना पुन्हा बजावलं की बटाटा नको.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोवर कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. ते गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मंदे, नको टाकू बाई. थोरल्याच्या जावळाला रश्श्यात बटाटा निघाला, तर माझ्या सख्ख्या भावानं दोन वर्सं तोंड दाखवलं नव्हतं."

त्यांचा पडलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं. बटाट्याची एवढी बदनामी ऐकून रागही आला. मी चूल पेटवली, कोंबडी काळ्या मसाल्यात परतली, आधणाचं पाणी ओतलं आणि टोपलीतले सगळे बटाटे पातेल्यात सोडले. गावाच्या बागा गेल्या असत्या तर माझं नाव कायमचं गेलं असतं, हे मला ठाऊक होतं. तरी मीठ बरोबर पडलं.

दिवेलागणीला थंडी आली. उंच, सडसडीत बाई, अंगावर पांढरं लुगडं, पाय अनवाणी. दारात पाय धुतले, त्या पाण्याचा बर्फ झाला. आमच्या ह्यांनी तो कुदळीने बाजूला केला. सगळं गाव घोंगड्या पांघरून आमच्या अंगणात उभं होतं. सरपंच दाराशी होते.

मी उकळता रस्सा वाढला. ताटात पडताच तर्री थिजली. भाकरी पापडासारखी कडक झाली. थंडीने कोंबडीची फोड उचलली, ती तिच्या बोटांतच पांढरी पडली. ती चावत राहिली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. पाहुणे ज्या सुरात हे म्हणतात, त्याच सुरात. चौथ्या घासाला तिचा हात थांबला. सरपंचांनी डोळे मिटले.

मग तिने बटाटा उचलला. वरून तोही गारठला होता. तिने तो अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला आणि दाताखाली फोडला.

"आई गं!" थंडी ओरडली.

थंडीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तोंड उघडलं, तर आतून वाफ निघाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"भाजलं," ती म्हणाली. गाल चोळत पुन्हा म्हणाली, "बाई, आजवर माझ्या तोंडापर्यंत गरम काही पोचलंच नव्हतं."

"फुंकून खावं मग," आत्याबाई मागून म्हणाल्या. घरात कुणालाही म्हणतात तशाच.

सरपंच दचकून उभे राहिले, कारण गाव भीत होतं ते तिच्या फुंकरीलाच. पण थंडीने दुसरा बटाटा फोडून त्यावर फुंकर मारलीसुद्धा. भिंतीवर हीव चढलं. बटाटा मात्र आत कढतच होता. तिने पुन्हा फुंकर मारली. हाऽ हू करत, नाक ओढत ती एकेक बटाटा खात गेली आणि प्रत्येकावर जीव तोडून फुंकत गेली. मी पातेल्यातले वाढून संपवले, मग आमच्या वाटणीचे काढून ठेवलेलेही वाढले. शेवटच्या बटाट्यावर तिने फुंकर मारली, तेव्हा चुलीतली राखही हलली नाही. अंगणात लोकांनी घोंगड्या काढून खांद्यावर टाकल्या होत्या. भाऊसाहेब मफलर सोडत होते.

"संपले?" थंडीने विचारलं.

"संपले," मी म्हणाले. एवढ्या अभिमानाने मी आयुष्यात कधी रिकामं पातेलं दाखवलं नव्हतं.

पाहुणीची ओटी भरायला पंचायतीने खण-नारळ आणला होता. आत्याबाईंनी तो बाजूला ठेवला, आतल्या खोलीत गेल्या आणि सूपभर बटाटे घेऊन आल्या.

"काकू, अहो बटाटे?" सरपंच म्हणाले.

"बटाटेच. माझ्या सुनेनं टाकले व्हते. मी नको म्हणत व्हते, ते बी गावाला सांगा."

मला रडू आवरेना. पाहुणीला कुंकू लावायला मी अंगणातून निकमांच्या सुनेला आत बोलावलं. ती आली. बायकांनी सरकून तिला वाट दिली.

पुढच्या गावाची एसटी चौकात उभीच होती. थंडी ओटी सांभाळत चढली आणि एका म्हातारीशेजारी खिडकीपाशी बसली. सरपंचांनी खालून हात जोडले. तिने मान हलवली आणि काच ओढून घेतली.

"वारं लागतंय," ती म्हातारीला म्हणाली.